हँडब्रेकबाई

आमच्या गावात हिवाळ्यात हँडब्रेक कुणी ओढत नाही. पहिलं बर्फ पडलं की तो खाली जातो, तो मे महिन्यापर्यंत वर येत नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवायचा, झालं. ओढलाच तर त्याची केबल गोठते, मागची चाकं धरून बसतात, मग बसा हात चोळत. इथल्या पोरांना हे न शिकवता कळतं. इरेना कांगसला कळलं नव्हतं, कारण ती डेट्रॉइटची, मोटार कारखान्यातल्या एका पोलिश कामगाराची मुलगी.

लग्न होऊन ती इकडे उत्तरेला आली तेव्हा मधल्या सामुद्रधुनीवर पूलसुद्धा झाला नव्हता. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी तिने चर्चसमोरच्या उतारावर गाडी लावली आणि वडिलांनी शिकवल्याप्रमाणे हँडब्रेक नीट ओढला. प्रार्थना संपली तर गाडी जागची हलेना. चर्चमधल्या निम्म्या लोकांनी ठेवणीतल्या कपड्यांत केटल्या आणून चाकांवर उकळतं पाणी ओतलं. त्या दिवसापासून ती हँडब्रेकबाई. तिची मुलं मोठी होऊन मिनियापोलिसला गेली, केस पांढरे झाले, नाव तसंच राहिलं. पेट्रोल पंपवाला सुलो हाइकिनेन तर ती दिसली की विचारायचाच, "काय हँडब्रेकबाई, सुटला का?" ती हसायची. न हसून करते काय? आमची माणसं अडीअडचणीला धावून येतात, पण एकदा हसायला विषय मिळाला की जन्मभर पुरवतात.

तिचा नवरा ऑरवो तांब्याच्या खाणीत होता. खाण बंद झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत. इरेना पत्रपेटीपर्यंत गेली तरी त्याला दिसायचं, आणि परत आली की कुणाशी बोललीस, एवढा वेळ का लागला, हे तो विचारायचाच. ऑरवो वाईट माणूस नव्हे. पण आजारी माणसाची भीती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मानगुटीवर बसते. हे आमच्याकडे कुणी बोलत नाही, कारण आमच्याकडे काहीच कुणी बोलत नाही.

नोव्हेंबरात डॉक्टरकडून परत येताना त्यांची जुनी निळी गाडी जड चालायला लागली. अंगणात थांबल्यावर जळका वास आला. ऑरवो म्हणाला, "डॉक्टरकडे गाडी लावताना ओढलास ना हँडब्रेक? केबल गंजली असणार. बर्फ वितळलं की बघू." तिने ओढला नव्हता. निदान तिला तसं वाटत होतं. पण गॅरेजचं दार बंद झालं, सुलोनेही फोनवर ऐकून तेच निदान केलं आणि तो पोटभर हसला. चर्चमधल्या बायका किराणा आणून द्यायला लागल्या. भांडी घासता घासता इरेना थांबायची आणि स्वतःच्या हाताकडे बघायची. ओढलाही असेल. सवयीने. गावच म्हणतंय म्हणजे असेलच. तो सगळा हिवाळा तिने खिडकीच्या आत काढला, आणि दोष आपलाच म्हणून तक्रारही केली नाही.

मार्चमध्ये शेजारच्या गावातल्या शाळेतून फोन आला. स्वयंपाकीण सोडून चालली होती. इरेनाच्या हातची पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या पोलिश करंज्या, चर्चच्या जेवणात खाल्लेल्या कुणीतरी तिचं नाव सुचवलं होतं. सोमवारी सकाळी हजर व्हायचं, नाहीतर दुसरी बाई तयार होती. "येते," इरेना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ऑरवोला न विचारता कुणाला शब्द दिला.

ऑरवो चिडला नाही. बशीत कॉफी ओतून घेत त्याने एवढंच विचारलं, की जाणार कशी? केबल मागवावी लागेल, यायला आठवडा लागेल. सोमवार काय थांबणार आहे?

शनिवार होता. दुपारी सौनासाठी, म्हणजे वाफेच्या अंघोळीसाठी, लाकडं फोडायची असतात. इरेना त्याऐवजी गॅरेजमध्ये गेली, गाडी सुरू केली आणि ब्रेक मारत मारत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. गाडी जड होती, आणि स्टिअरिंग सैल सोडलं की डावीकडे ओढत होती. नोव्हेंबरातही ओढत होती. तेव्हा तिला वाटलं होतं, बर्फातल्या चाकोऱ्यांमुळे.

ती खाली उतरली आणि हातमोजा काढला. तिचे वडील दर रविवारी घरासमोर रस्त्यावर कुणाची ना कुणाची गाडी दुरुस्त करायचे. पाना हातात घ्यायच्या आधी ते प्रत्येक चाकाजवळ तळवा धरायचे. इरेनाने तेच केलं. मागची दोन्ही चाकं गार. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्याजवळ हात ठेववेना.

ती तशीच उभी राहिली. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. पुढच्या चाकांशी त्याचा काडीचा संबंध नाही.

"मी नाही ओढला," ती रिकाम्या अंगणात मोठ्याने म्हणाली. तिला रडू आलं, आणि ते रागाचं होतं.

मग तिने जॅक लावला, चाक काढलं. त्यामागचा ब्रेकचा ड्रम हाताने फिरेना. आतली स्प्रिंग तुटून लायनर अडकले असतील, किंवा ब्रेक ऑइलचा दाब आत कोंडला असेल. कुठलं ते कळायला हवा काढायचा स्क्रू सैल करायचा. तो गंजलेला होता. तेल सोडून, ठोकून, पुन्हा तेल सोडून एकदाचा हलला. ऑइलची चिळकांडी थेट तिच्या बाहीवर उडाली आणि ड्रम गरकन फिरला. म्हणजे लायनर ठीक होते. दोष चाकाकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सुजते. दाबलं की ऑइल आत जाऊ देते, सोडलं की परत येऊ देत नाही.

ती पंपावर चालत गेली. तिला नळी हवी आहे हे ऐकून सुलो म्हणाला, "नळी कशाला? बिघडली केबल ना, हँडब्रेकबाई?"

"पुढच्या चाकाला हँडब्रेक कधीपासून बसवायला लागलास, सुलो?"

सुलो मागच्या फळीकडे वळला. अशाच एका जुन्या गाडीसाठी आणून ठेवलेली नळी त्याने गुपचूप काढून दिली.

नळी बसवून झाली. आता ऑइलमधली हवा काढायची, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने पॅडल दाबायचं, दुसऱ्याने स्क्रू उघडायचा. लहानपणी पॅडलवर ती असायची. तिच्या वडिलांचा आवाज गाडीखालून यायचा. ती घरात गेली.

"बाहेर ये," ती ऑरवोला म्हणाली. "पॅडल दाबायला माणूस हवा. पुढचं चाक धरत होतं, नळी बदललीय."

"डावीकडची," ऑरवो म्हणाला.

बाजू तिने सांगितली नव्हती. तो खिडकीबाहेर बघत होता, पण गाडीची डावी बाजू तिथून दिसत नव्हती.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"डॉक्टरकडून येताना. सारखी उजवीकडे स्टिअरिंग ओढत होतीस."

"आणि मला म्हणालास, हँडब्रेक."

ऑरवोने लुळा हात मांडीवर नीट ठेवला. "ते तुला पटेल हे माहीत होतं," तो म्हणाला. आणि मग, "तू गेलीस आणि मी पडलो, तर पडलेलाच राहीन, इरेना."

तिला त्याची दया आली. त्याच क्षणी त्याच्यासमोरची कॉफीची बशी उचलून भिंतीवर आपटावीशीही वाटली. तिने त्याचा कोट आणला.

काठी टेकत, तिच्या खांद्यावर भार देत तो चिखलबर्फातून गाडीपर्यंत आला. चालकाच्या जागेवर त्याला बसवून तिने त्याचा चांगला डावा पाय पॅडलवर ठेवला आणि चाकाशी जाऊन गुडघे टेकले.

"दाब."

काहीच झालं नाही.

"किती वाजता येशील?" वरून आवाज आला.

"शाळेतली भांडी झाली की. चारला."

"चार म्हणजे चार."

"चार म्हणजे चार. दाब, ऑरवो."

पॅडल खाली गेलं. तिने स्क्रू उघडला, बुडबुडे आले, स्क्रू बंद केला. सोड म्हणाली, त्याने सोडलं. पुन्हा दाब, धर, सोड. बुडबुडे संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी तिने स्क्रू घट्ट आवळला आणि ड्रमवर दोन्ही तळवे ठेवले.

"आता शेवटचं. दाब."

ड्रम जागच्या जागी घट्ट झाला.

"सोड."

ड्रम हलला नाही. नळी नवी होती, चूक काही राहिली नव्हती. तिने मान वर केली. अर्ध्या उघड्या दारातून त्याचा डावा पाय दिसत होता, पॅडलवर रोवलेला, गुडघ्यापासून थरथरणारा.

ती पुन्हा 'सोड' म्हणाली नाही. तळवे तसेच ड्रमवर ठेवून, गार पडलेल्या चिखलात गुडघे टेकून ती थांबली. कितीतरी वेळाने त्याने पाय उचलला आणि ड्रम तिच्या हाताखाली मोकळा फिरला.