अण्णांची ओहोटी

अख्ख्या बेंगळुरूत भरती-ओहोटी पाळून जगणारा एकच माणूस आहे आणि तो मारतहळ्ळीत आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. आमच्या घरमालकीणबाईंचे हे थोरले भाऊ. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपूर्वी तंजावरमार्गे इथे आलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी मुरलेली. होडीचं सोडा, या गृहस्थांना साध्या बसमध्येही मळमळतं. पण त्यांचा कुणी पूर्वज म्हणे तमिळनाडूतल्या कोडियक्कराईच्या भूशिरावर येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायचा. तेवढ्या ऐकीव गोष्टीवर अण्णा जन्मभराचे दर्यावर्दी झाले!

कोकणातली पाऊणपटीची रीत त्यांनी कुठूनशी उचललेली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब मांडल्याशिवाय अण्णा दाढीसुद्धा करत नाहीत. पुलावर गाड्या तुंबल्या की रिक्षावाल्याला सांगतात, "स्वल्प थांब, पाणी उतरू दे." एकदा मला देवनहळ्ळीला विमान पकडायचं होतं, तर भरतीलाच निघायला हवं म्हणून यांनी मला तासभर आधी घराबाहेर काढलं. मी मनात लाखोली वाहत निघाले. वाटेत टायर फुटलं, तरी विमान मिळालं. 

माझी आई कोकणातली, होडी चालवणाऱ्या तांडेलाची मुलगी. बाबा गेल्यावर मी तिला इथे आणलं आणि तिचं बोलणंच आटलं. हं, नको, जेवले, संपलं. डॉक्टर झाले, मराठी मंडळाची हळदीकुंकवं झाली, काही उपयोग नाही. बाबांपाठोपाठ आईही हातची चालली, या धास्तीनं ऑफिसात माझं लक्ष लागेना. ते अण्णांनी हेरलं असावं. एके दिवशी वर येऊन त्यांनी फर्मान सोडलं की अक्कांना, म्हणजे आईला, समुद्र दाखवायचा, आणि तो कोडियक्कराईच्या टोकावरचाच.

गेलो. वाटेत अण्णा ठिकठिकाणी गाडी थांबवून ओकले. तिथे मिठागरं, उथळ पाण्यात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे, झुडपांत काळवीट. तिथले रानघोडे बुडालेल्या जहाजातून पोहत आले, असं अण्णांचं ठाम मत. आई सगळं बघत होती, पण गप्पच. अण्णांना तिला चोळांच्या काळचा म्हणतात तो दीपस्तंभ दाखवायचा होता. आता नुसत्या विटांचे ढीग उरलेत. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, असं त्यांनी ऐकलेलं. त्या दिवशी द्वादशी. नऊला भरती, म्हणजे तीनला ओहोटी. बरोबर तीनला अण्णा धोतर खोचून पाण्याकाठी उभे, आणि पाणी बघावं तर चढतंय! अण्णा घड्याळ बघतात, बोटांवर तिथी मोजतात. चपला वाहून गेल्या, तरी गडी जागचा हलेना.

"अहो अण्णा, मागे या," आई म्हणाली. "ती पाऊणपट आमच्या कोकणातली. हा पूर्वेचा समुद्र. माझे वडील म्हणायचे, दर बंदराचं पाणी निराळं. इथली वेळ इथल्या माणसाला विचारावी."

इतकं सलग बोलणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं. अण्णा मात्र पार ओशाळले आणि म्हणाले, "सरी, बरं अक्का, मग तुम्हीच विचारा."

तिनं खरंच विचारलं. जाळी वाळवणाऱ्या बाईशी हातवाऱ्यांनी बोलून वेळ काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला त्या विटांपाशी नेलं. तिथे बसून ती आधी तिच्या वडिलांबद्दल बोलली, मग होड्यांबद्दल, आणि शेवटी बाबांबद्दल, ते गेल्यापासून पहिल्यांदाच. परतताना पार बेंगळुरूजवळच्या होसूरपर्यंत तिचं तोंड मिटलं नाही. अण्णा हिशेब चुकले नसते, तर ती तोंड उघडती का, कोण जाणे. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडू?

अलीकडे अण्णांना ऐकू येईनासं झालंय. यंत्र लावायला ते तयार नाहीत. रोज संध्याकाळी आई खाली जाते, त्यांच्या कानाशी वाकते आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कोकणातल्या गोष्टी सांगते. ते मान डोलावतात. त्यांच्यापर्यंत किती पोचतं, देव जाणे. वर गॅलरीत मी हातातलं काम टाकून शब्दन् शब्द ऐकत बसते.