उंदरांची डॉक्टर

"लघवी झाली काय?"

कोणी ताप आला म्हटलं, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू बाई पहिलं हेच विचारायच्या. जिन्यात, हळदीकुंकवात, भाजीच्या गाडीवर. अमरावतीच्या आमच्या गल्लीत बायका पदर तोंडाला लावायच्या, पुरुष घड्याळ बघायचे.

वरूडच्या संत्रा बागायतदाराची ही लेक रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याच्या प्रयोगशाळेत जायची. नावापुढे डॉक्टर असल्यामुळे लोक खोकला घेऊन यायचे. "मी उंदरांची डॉक्टर हाय," त्या हसायच्या.

मी हिशेबी माणूस. उंदरांचं नेमकं काय करता, एकदा विचारलंच.

"भाऊ, बागेत चोर शिरले अन् राखणदारच पटापट मरून राहिले, तर? सेप्सिसमध्ये तसंच होते. जंतू माजतात अन् आपल्याच राखणदार पेशी मरतात. त्याईले मरू न देणारं जनुक आमी एका गरीब, रोग न करणाऱ्या विषाणूच्या पाठीवर बसवून उंदरात धाडतो."

"मग वाचतात उंदीर?"

"काही वाचते. काही नाही."

पुढे आमच्या हिच्या पायाला गंजका पत्रा लागला. जखम चिघळली, थंडी वाजून ताप भरला. मी तापाची गोळी काढत होतो, तेवढ्यात बाई अकोल्याहून परतल्या. प्रश्न ठरलेलाच. सकाळपासून लघवी नव्हती. वर ही मला "दादा" म्हणाली.

"गोळी राहू द्या, भाऊ. लघवी बंद अन् भान सुटलं, म्हणजे जंतू रक्तात माजले. रिक्षा बोलवा. उद्या नाही, आत्ता."

दवाखान्यात सेप्सिसच निघाला. बाहेरच्या बाकावर मी बाईंना म्हणालो, "तुमचं ते जनुक हिला द्या. किती टक्के गुण येतो तेवढं सांगा, सही मी करतो."

त्या माझ्या शेजारी बसल्या. "टक्का उंदराचा हाय, भाऊ. वहिनीचा नाही. माणसाले द्यायले अजून लय बाकी हाय. वहिनीचं औषध त्या सलाईनमधून चालू झालं, अन् वेळेवर झालं. त्यावर भरोसा ठेवा."

टक्का न मिळताच मी रात्र काढली. सकाळी बाई थेट खाटेपाशी गेल्या, वाकून लघवीची पिशवी पाहिली आणि ओरडल्या, "झाली वं वहिनी, झाली!" अख्खा वॉर्ड वळून पाहू लागला. हिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "यांना कोणी चहा दिला का?"

आता बाई दूर कुठल्या मोठ्या प्रयोगशाळेत आहेत. काम अजून उंदरांवरच चालू आहे म्हणतात. वरची खोली रिकामी आहे.

परवा आमचे व्याही आले. अंगात कसकस आहे म्हणाले. ही पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तो हातात द्यायच्या आधीच तिने विचारलं.

व्याही घड्याळ बघू लागले.