दिघे काकांचा डीमन

आमच्या घरात देवभोळेपणा सगळा बायकोच्या वाट्याला आलाय. मी कम्प्युटरवाला माणूस... मशीन बिघडलं तर आधी वायर बघायची, मग माणसाची चूक शोधायची, एवढंच माझं अध्यात्म. इथले लोकांचे गूढ अनुभव वाचून मी हसलोय सुद्धा. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा तुम्ही खुशाल हसा.

मी ग्वाल्हेरचा. तिथल्या लष्कर भागात, दाना ओलीजवळ आमच्या माल-वाहतूक कंपनीचं ऑफिस होतं. भिंड-मुरैनापासून झाशीपर्यंतची बुकिंग ऑफिसं आमच्या सर्व्हरला जोडलेली. सकाळी दहाला सगळी एकदम तुटून पडत, पण सर्व्हर कधी हँग झाला नाही, कारण त्यावर आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमरनं, दिघे काकांनी, लिहिलेला प्रोग्रॅम होता. पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमला आमच्या धंद्यात डीमन म्हणतात. कुणाला दिसत नाही, पण शेकडो जणांशी एकाच वेळी बोलत असतो.

मला हाताला धरून शिकवलं ते काकांनीच. डीमन बंद करायच्या दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे त्याला सांगायचं, "आता आवर." मग तो नवीन कुणाला घेत नाही, जोडलेल्यांचं काम पुरं होऊ देतो आणि स्वतःच बंद होतो. दुसरी, किल मायनस नाइन... म्हणजे जागच्या जागी खलास. त्याला कळतही नाही. काकांनी ही दुसरी तऱ्हा जन्मात वापरली नाही. म्हणायचे, "अरे, कोणालाही आपलं काम समेटायला टाइम दिला पाहिजे."

आवरायला सांगितलं, की काकांचा डीमन दर दहा मिनिटांनी लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, किती जण जोडलेले आहेत ते लिहायचा. "३ बाकी", "१ बाकी". शेवटचा गेला, की लिहायचा, "सगळे गेले. आता मी निघतो." काकांनी हौसेनं घातलेली ओळ होती ती.

मग आमची कंपनी इंदूरच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. पुनर्रचना म्हणे! त्यात काकांची जागाच उडाली. जाताना त्यांनी एकच मागितलं. "हा बंद करशील तेव्हा मला फोन करशील. मी येऊन माझ्या हातानं करीन." मी हो म्हणालो.

पुढे इंदूरहून जुना सर्व्हर बंद करायचा हुकूम आला, आणि मी फोन केला नाही. विसरलो नाही, केलाच नाही. कोण राहणार, कोण जाणार, ती यादी यायची होती. इंदूरवाल्यांसमोर जुन्या माणसाला आणून बसवलं, तर मीही जुन्यातच मोजला जाईन, ही भीती. बंद करायच्या दिवशी सकाळी मी डीमनला आधी सभ्यपणे आवरायला सांगितलं. ११ वाजून ५ मिनिटांनी लॉगमध्ये आलं, "१ बाकी". तो एक काही केल्या सुटेना. फोनवर इंदूरचा इंजिनियर वैतागला होता. "अरे यार, उड़ा दो ना."

मी उडवला, मायनस नाइननं. गेल्याची खात्री केली, सर्व्हरची वायर काढली, इंदूरला पाठवायची डिस्क काढून बॅगेत टाकली.

दुपारी काकूंचा फोन आला. काका तीन दिवस हॉस्पिटलात होते आणि मला पत्ताही नव्हता. पावणेचारला पोचलो. काकू दारातच म्हणाल्या, "बाकी सगळे भेटून गेले रे. एक तूच राहिला होतास."

काकांनी डोळे उघडले. आवाज अगदी खोल गेला होता. "बंद केलास का रे?"

बॅग माझ्या पायाशी होती. मी म्हणालो, "नाही काका. तुमच्यासाठी ठेवलाय. आवरतोय तो, एक जण बाकी आहे."

"मग राहू दे," ते म्हणाले. "जल्दी नको करू."

माझा हात त्यांच्या हातात होता. चार वाजून अकरा मिनिटांनी ते गेले. डॉक्टरांनी घड्याळ बघून वेळ लिहिली म्हणून लक्षात आहे.

चौथ्या दिवशी कॉपी करायला डिस्क जोडली. तोवर ती बॅगेतच होती, बॅग माझ्याजवळ. लॉग उघडला. ११:०५ ला संपायला हवा होता... संपला नव्हता. ११:१५, १ बाकी. ११:२५, १ बाकी. असं पार ४:०५ पर्यंत. त्याखाली, ४:११ ला — सगळे गेले. आता मी निघतो.

सर्व्हरचं घड्याळ चुकलं असेल, असं मित्र म्हणतात. असेलही. पण मायनस नाइननं मारलेला प्रोग्रॅम अक्षरसुद्धा लिहू शकत नाही, हे मला काकांनीच शिकवलंय. आणि डिस्कला तर वीजही नव्हती.

यादीत माझं नाव राहिलं. नोकरी चालू आहे. काकूंना हे सांगायला दोनदा हरिशंकरपुरमला त्यांच्या घरी गेलो, चहा पिऊन परत आलो. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही आणि आता मी ते शोधतही नाही. मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो होतो. कुणीतरी ते खरं करून ठेवलं, आणि त्यानंच मला जास्त रडू येतं.