निळ्या फुलीचं खोकं

कल्याणकारी राज्याची खरी परीक्षा त्याच्या रुग्णालयात होते, हे वाक्य मी कोलकात्याच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं शिकवलं. उत्तरपत्रिकेत ते जसंच्या तसं लिहिणाऱ्या मुलांना मी सढळ हाताने गुण दिले. वाक्याला वजन आहे. ते खरं आहे का, हे तपासायची वेळ मात्र माझ्यावर निवृत्तीनंतर आली, आणि तीही रांगेत उभं राहून.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, रक्ताचा कर्करोग झाला होता. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, अशी एकूण आठ घ्यायची होती. पहिली दोन खासगी रुग्णालयात झाली. दुसऱ्याचं बिल हातात आल्यावर वहिनी तिथल्याच बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. मग आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली, "तारीख चुकवू नका. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालतील. त्याहून जास्त खंड पडला तर आजार पुन्हा डोकं वर काढेल."

रुग्णालयाच्या आवारातच सवलतीच्या औषधांचं दुकान आहे. ते खासगी कंत्राटदार चालवतो, आणि छापील किमतीवर जो सगळ्यात मोठी सवलत कबूल करेल त्याला ते कंत्राट मिळतं. मुळात ती छापील किंमत ठरवतो कोण, हा प्रश्न मी वर्गात हमखास विचारला असता. रांगेत नाही विचारला. दुकानावरच्या फलकावर सवलतीचा आकडा माणसाच्या उंचीचा आहे. उपलब्ध औषधांची यादी त्याच्या खाली आहे. ती वाचायला मला चष्मा काढून जवळ जावं लागलं.

तिसरं आणि चौथं इंजेक्शन तिथे मिळालं. महागड्या इंजेक्शनांचा बाहेर काळाबाजार होऊ नये म्हणून तिथे नियम आहे: वापरून झालं की रिकामं खोकं परत आणून द्यायचं. बहुतेक लोक विसरतात, आणि दुकानदारही आग्रह धरत नाही. दादा विसरणाऱ्यांतला नव्हता. त्याची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टममध्ये झाली. तपासलेल्या प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर निळ्या बॉलपेनने फुली मारायची आणि खाली तारीख घालायची, ही सवय त्याने घरी आणली होती. आमच्याकडे संदेश मिठाईच्या खोक्यावरही फुली असे. चौथ्या इंजेक्शनचं खोकं त्याने फुली मारून, तारीख घालून, स्वतः नेऊन परत केलं.

पाचव्याच्या वेळी काउंटरवरचा माणूस म्हणाला, "उद्या या."

दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाला. चौथ्या दिवशी मी विचारलं, "नक्की उद्या?"

"दादा, उद्या म्हणजे उद्याच," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघू लागला.

औषध संपलं असेल तर दुकानाने 'उपलब्ध नाही' असं लिहून द्यायचं, मग रुग्णालय ते बाहेरून विकत आणून रुग्णाला फुकट देतं, अशी तरतूद योजनेत आहे. कागदावर ती इतकी सुंदर आहे की मी ती वर्गात उदाहरण म्हणून सांगितली असती. पण अशा प्रत्येक चिठ्ठीमागे दुकानाला दंड होतो. म्हणून तिथे कुठलंही औषध कधी संपत नाही. ते उद्या येणार असतं.

घरी येऊन मी हे दादाला सांगितलं. त्याच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत, तो गुडघ्यांवर चादर घेऊन बसला होता.

"मग लेखी माग."

"अरे, तो देणार नाही."

"आपण लेखी मागितलं की त्याला लेखी द्यावं लागतं. आण कागद."

अर्ज त्याने स्वतः लिहिला. विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, तीन प्रती. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे एक बाई होत्या. नवऱ्याच्या औषधासाठी त्या कॅनिंगहून पहिल्या गाडीने येत. त्यांनी माझ्या हातातल्या प्रती पाहिल्या.

"दादा, हे आत देऊ नका हो."

"का?"

"लिहिलं की तक्रार होते. तक्रार झाली की हे घाबरतात, मग काहीच हलत नाही. त्याच्यासमोर जरा रडा. मी गेल्या महिन्यात रडले, दोन दिवसांत मिळालं."

"मला रडता येत नाही."

"मग बायकोला पाठवा," त्या म्हणाल्या. "शिकलेल्या लोकांचं अवघडच असतं."

मी अर्ज दिला. हे मी दादासाठी केलं असं आजवर सांगत आलोय. खरं म्हणजे सव्वीस वर्षं जे शिकवलं ते एकदा तरी चालताना बघावं, असं मलाही वाटत होतं. शिवाय बाहेरच्या किमतीची मलाही धास्ती होती. माझ्या डमडमच्या फ्लॅटचे हप्ते केव्हाच फिटले होते, माझ्या नावावर ठेवी होत्या. त्या मी त्याच दिवशी मोडू शकलो असतो.

रुग्णालयाचं उत्तर तीन दिवसांत आलं. तक्रार क्रमांक दिला होता, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत सदर औषधाबाबत कोणतीही स्वतंत्र खरेदी करता येणार नाही, असं कळवलं होतं. दादाने ते दोनदा वाचलं. "भाषा चांगली आहे," तो म्हणाला. "कुणीतरी जुना माणूस असणार."

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. त्या दिवशी मी दुकानासमोरच होतो. तीन अधिकारी आले. दुकान पुसून घेतलेलं होतं, फलकाला झेंडूची माळ होती. आतल्या काचेच्या कपाटात, अगदी मधोमध, आमच्या इंजेक्शनचं खोकं ठेवलं होतं. मी चष्मा काढून काचेजवळ गेलो. कोपऱ्यावर निळी फुली होती. खाली चौथ्या इंजेक्शनची तारीख, दादाच्या अक्षरात.

मी त्यांच्यातल्या वयस्कर अधिकाऱ्याला गाठलं. "ते खोकं रिकामं आहे. माझ्या भावाने परत दिलेलं आहे ते."

त्याने माझ्याकडे सौजन्याने पाहिलं. "मास्टरमोशाय, आमचं काम साठा मोजण्याचं. खोकं उघडायचं काम औषध निरीक्षकाचं. ते आज रजेवर आहेत."

त्याने वहीत लिहिलं: एक.

संध्याकाळी दादाला सांगितलं. तो चिडेल असं मला वाटलं होतं.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "कंटेनर उघडायचा अधिकार वेगळ्या माणसाला असतो. आम्हीही बाहेरूनच मोजायचो." मग म्हणाला, "मी किती लोकांना उद्या या म्हटलं असेल रे?"

वहिनी आतून म्हणाली, "पुरे झालं ते ऑफिस. दूध गार होतंय."

दुसऱ्या दिवशी मी ठेव मोडली आणि बाहेरच्या दुकानात इंजेक्शन मागवलं. ते यायला चार दिवस लागले. तोवर दादाला ताप भरला होता. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला, मी आणलेलं खोकं पाहिलं आणि ते हलकेच माझ्याकडे सरकवलं. "आता हे देता येणार नाही. शरीर सोसणार नाही." त्यांनी खंड किती दिवसांचा पडला ते विचारलं नाही. ते त्यांच्यासमोरच्या कागदावर होतं.

ते इंजेक्शन दादाच्या फ्रिजमध्ये राहिलं. खोक्यावर फुली नव्हती. दादाने ते पाहिलं, पण पेन मागितलं नाही.

चौकशीचा निष्कर्ष दादा वॉर्डात असताना घरी आला. औषध साठ्यात आढळले, तक्रार निराधार, प्रकरण बंद. मी तो त्याला वाचून दाखवला नाही. त्याने विचारलं तेव्हा अजून आला नाही म्हणालो. "येईल उद्या," तो म्हणाला.

तो तीन दिवसांनी गेला, दुपारी. वहिनी त्याच्यापाशी बसली होती. नर्सने मला बाजूला बोलावून सांगितलं, नाकात घालायला कापूस लागेल, वॉर्डातला संपलाय, खालून घेऊन या.

मी खाली गेलो. रांग नव्हती. काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं आणि मान खाली घातली. कापूस होता. फलकावर लिहिलेली पूर्ण सवलत मिळाली, आणि पावतीही.