नाशिक काय परदेश आहे?

हे माझ्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. बायकोने नाही, मुलीने नाही. खजराण्याच्या गणपतीसमोर कितीदा हात जोडून उभा राहिलो, पण तिथेही शुगर आणि गुडघे एवढंच बोलून परत आलो. तुम्हाला का सांगतोय? थकलोय, एवढंच खरं. गोष्ट छोटी आहे, एका वाक्याची. पण त्या वाक्यापर्यंत यायला मला नेहमी वळसा लागतो, तो घालू द्या.

मी इंदूरचा. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या समाध्या, त्यांच्याजवळच माझं ऑफिस आहे — दोन टेबलं आणि आवाज करणारा एक कूलर. व्यापाऱ्यांची कराची कामं करतो. मी वकील नाही, सीएही नाही, पण आमच्याकडे विक्रीकराचं काम करणाऱ्या कोणालाही ‘वकीलसाब’ म्हणायची पद्धत आहे. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. का करू? ऐकायला बरं वाटायचं. जुन्या काळात या धंद्यात कायदा फारसा वाचावाही लागायचा नाही. कोणत्या टेबलावर कोण बसतो आणि त्याच्याशी कसं बोलायचं, एवढं कळलं की भागायचं.

मग जीएसटी आला. देशभर एकच कर, सगळं काम संगणकावर, शब्दसुद्धा नवे. आम्हा जुन्या लोकांची पाटी एका दिवसात कोरी झाली. मी कायद्याचं जाडजूड पुस्तक विकत आणलं आणि टेबलावर समोर दिसेल असं ठेवलं. येणारा माणूस आधी पुस्तकाकडे बघायचा, मग माझ्याकडे, जरा आदराने. मी ते उघडलंच नव्हतं. एका हॉटेलात माहितीचं व्याख्यान होतं, तिथे गेलो — जेवण उत्तम होतं, जेवणानंतर डोळा लागला. बाकीचा जीएसटी मी मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजांतून शिकलो. आणि तरी आमच्या मंडळाच्या सभागृहात उभा राहून लोकांना तो सोपा करून सांगितला. टाळ्या पडल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

त्या भाषणाला शालिनीवहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. माझा शाळासोबती अनंत, त्याची ही बायको. अनंत बँकेतून निवृत्त झालेला, स्वभावाने कडक. वहिनी फराळाचं करायच्या — चकली, कडबोळी, अनारसे. आधी दिवाळीपुरतं होतं, मग बारा महिने चालायला लागलं. घरामागची खोली त्यांनी भाड्याने घेतली, मोठी कढई आणली, गल्लीतल्या बायका कामाला लावल्या. साठीच्या उंबरठ्यावर या बाईला स्वतःचं काहीतरी सापडलं होतं. चालण्यातसुद्धा फरक पडला होता. अनंत कौतुक करायचा नाही, पण आडवाही यायचा नाही.

त्यांची नोंदणी मीच केली, कंपोझिशन नावाच्या योजनेत. लहान धंद्यांसाठी ती सोय आहे. विक्रीवर थोडा ठराविक कर भरायचा, बाकी कटकट कमी. वहिनींची कटकट कमी आणि — हेही सांगून टाकतो — माझीही. मात्र त्या सवलतीला अटी आहेत. त्यातली एक अशी की या योजनेतल्या माणसाने आपला माल दुसऱ्या राज्यात विकायचा नाही. तेव्हा मला ही अट ठाऊक नव्हती.

वहिनी ऑफिसात आल्या होत्या. डबा घेऊन. बसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “भाऊजी, नाशिकचा एक दुकानदार आहे, बहिणीच्या ओळखीचा. दर महिन्याला माल मांगतोय. पाठवू ना? काही लफडा तर नाही होणार?”

आता मला सांगा, ‘बघून सांगतो’ म्हणायला काय जात होतं? पुस्तक तर हाताशी होतं. पण ते उघडलं असतं तर वहिनींना दिसलं असतं ना, की वकीलसाबांना शोधावं लागतं! आणि दुसरंही एक होतं. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांना महाराष्ट्र कधी ‘बाहेर’ वाटतच नाही. मुली तिकडे दिलेल्या, मामा तिकडे, कुलदैवत तिकडे. नाशिकला फराळ जाणं म्हणजे एका घरून दुसऱ्या घरी ताट जाणं. मध्ये राज्याची हद्द आहे, हे डोक्यातच आलं नाही.

मी हसलो. म्हणालो, “नाशिक काय परदेश आहे, वहिनी? बिनधास्त पाठवा.”

त्यांनी पाठवला. नाशिकचं काम वाढत गेलं. मग एकदा त्या दुकानदाराचे व्यवहार तपासले गेले, त्यात वहिनींची बिलं निघाली, आणि त्यांना नोटीस आली. सवलत रद्द, नाशिकला माल जायला लागल्यापासूनचा पूर्ण कर भरा, वर दंड. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं. अट तिथे सरळ लिहिलेली होती. माझ्या इंग्रजीलाही झेपेल इतकी सोपी.

मी त्यांच्या घरी गेलो. कबूल करायलाच गेलो होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरंच तसं होतं का? आता मलाही सांगता येत नाही. अनंत खुर्चीत ताठ बसला होता. मुलगा समीर फोन घेऊन खिडकीशी. वहिनी दारात उभ्या, हाताला पीठ तसंच. अनंतने विचारलं, “काय रे, तू हिला बोलला नव्हता का, की बाहेर माल नाही पाठवायचा?”

मी म्हणालो — “सांगितलं होतं. वहिनींच्या लक्षात राहिलं नसेल.”

झालं. हेच ते वाक्य.

मला वाटलं, वहिनी आता भडकतील. तोंडाने फटकळ बाई, माझी चांगली बिनपाण्याने करतील. करावी, असंही वाटलं — की न करावी? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या आठवत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “हो का, भाऊजी? असेल. तेव्हा गडबड पण फार होती.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःपेक्षा जास्त.

पुढचं सगळं रीतसर झालं. अनंतने बँकेतली ठेव मोडून भरणा केला. वहिनींना एवढंच म्हणाला, की हे आपलं काम नव्हे. कढई विकली, खोली सोडली, बायका दुसरीकडे पोळ्या लाटायला गेल्या. ते प्रकरण मी फी न घेता निपटवलं आणि अख्खं घर माझं ऋणी झालं. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात. मी शिरजोरही झालो नाही, मान खाली घालून आभार घेतले. ते जास्त वाईट. माझी मला किळस येते.

त्यानंतर वहिनी बदलल्या. गॅस बंद केला का, म्हणून पुन्हा पुन्हा बघायच्या. बाजारातून निघताना विचारायच्या, काही राहिलं तर नाही ना. समीरने डॉक्टरला दाखवलं. काही नाही, तब्येत ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. एका लग्नात मला म्हणाल्या, “तुम्ही एवढं समजावून सांगितलं होतं, तेसुद्धा विसरले. आता माझा मलाच भरवसा नाही.” मी काय केलं असेल? आइस्क्रीम घ्यायला गेलो.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. नवी सून अनारशांची कृती विचारत होती. वहिनी रंगून सांगायला लागल्या — तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. आणि मध्येच थांबल्या. चेहरा पडला. वळून अनंतला विचारलं, “तीन दिवसच ना हो?”

अनंतने उभ्या आयुष्यात एक अनारसा केलेला नाही. तो म्हणाला, “हो, तीन.” मग त्या पुढे बोलल्या.

मी समोरच बसलो होतो, प्रसादाचा द्रोण घेऊन. शिरा खाऊन संपवला.

मी त्यांना कधीच बजावलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, आणि मी हसून पाठवा म्हणालो होतो. वहिनी काहीही विसरल्या नव्हत्या.