सध्या म्हंजी किती दीस?

माधवराव गेल्याची बातमी मला अर्धवट कळली, आणि तीही एका वृत्तवाहिनीकडून. सकाळी आठलाच फोन आला. "सर, माधवराव सर फोन उचलत नाहीयेत. अकराच्या चर्चेला तुम्ही बसाल का? आखाताचाच विषय आहे." मी हो म्हणालो. मनातून जरा सुखावलोही, खोटं कशाला बोलू... दहाच मिनिटांत कासार आंबोलीहून माधवरावांच्या शेजारणीचा, हौसाबाईंचा फोन. "मास्तर, सायेब उठंनात. लई हाका मारल्या. तुमी या." सूसच्या माझ्या घरून गाडी काढून पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. माधवराव झोपेतच गेले होते. उशाजवळच्या मोबाइलवर वाहिनीचे सात कॉल पडलेले होते. त्याला आता दीड महिना होईल.

माधवराव परराष्ट्र सेवेत राजदूत होते. मी कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवायचो. अशाच एका चर्चेत आमचं कडाडून भांडण झालं आणि त्यातून मैत्री. ते मला मास्तर म्हणत, म्हणून हौसाबाईही म्हणू लागल्या. माधवरावांनी घर बांधलं ती जागा हौसाबाईंच्या घरची. "जिमीन इकली, शेजार न्हाई इकला," असं म्हणत त्या रोज भाकरी आणून देत. टेबलावरचा लॅपटॉप उंचीला कमी पडे, पडद्यावर साहेबांची नुसती हनुवटी दिसे. ते पाहून हौसाबाईंनीच घरातली भात मापायची पायली आणली, तिच्यावर पाट ठेवला आणि पाटावर लॅपटॉप चढवला. रिकामं माप ठेवू नये म्हणून आत मूठभर तांदूळही टाकले. "मास्तर, आमचं परराष्ट्र धोरण इंद्रायणी तांदळावर उभं आहे," असं माधवराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पडद्यावर बाकीचे तज्ज्ञ एकमेकांच्या अंगावर धावून जात असताना हा माणूस शांत. "युद्ध होणार का? हो की नाही?" असं निवेदक ओरडला की माधवराव म्हणत, "सध्या तरी नाही." प्रत्येक वाक्याला एक सध्या. मी चिडवलं की हसून म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर. आमचा सगळा धंदा त्यावर." चर्चा चालू असताना हौसाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "सायेब, सध्या म्हंजी किती दीस?" माधवरावांना हसू आवरेना. "अहो, चाळीस वर्षांत एकाही मंत्र्यानं मला हे विचारलं नाही!" पुढे कित्येक दिवस ते हा किस्सा सांगत होते. उत्तर मात्र त्यांनी दिलं नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

हौसाबाईंचा मुलगा दत्ता आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवतो. तिकडे क्षेपणास्त्रांच्या बातम्या सुरू झाल्या तशी त्यानं परतीचं तिकीट काढलं, पण सुट्टी घेतली तर नोकरी जाईल अशी धास्ती. त्यानं आईला फोन केला, "सायबांना इचार." त्याच दुपारी माधवराव चर्चेत म्हणाले, "सध्या तिथल्या आपल्या लोकांना धोका नाही." उंबऱ्यावर हौसाबाईंनी ते कानांनी ऐकलं. वाहिनीनं खाली पट्टी चालवली, 'भारतीयांना धोका नाही : माजी राजदूत'. ती दत्तानं तिकडे मोबाइलवर पाहिली. त्यानं तिकीट रद्द केलं. नवव्या दिवशी बंदराशेजारच्या तेलाच्या टाक्यांवर हल्ला झाला आणि विमानतळ बंद झाला. तो अजून बंदच आहे.

माधवराव माफी मागायला हौसाबाईंच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होतो. हौसाबाईंनी चहा ठेवला. म्हणाल्या, "तुमी सध्या म्हनला व्हता, सायेब. म्याच ध्यान दिलं न्हाई."  परतताना माधवराव म्हणाले, "तिचं चुकलं नाही, मास्तर. तो शब्द मी नेहमीच हळू म्हणतो. तो ऐकणाऱ्यासाठी नसतोच... उद्या काही झालं तर मला दाखवायला असतो." त्यानंतर दिवसभर ते जुन्या सहकाऱ्यांना फोन लावत असायचे. दत्ताला बाहेर काढायची वाट कुणालाच दिसत नव्हती. जाण्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "उद्या अकराला सरळ सांगून टाकणार आहे. हे मिटणारं नाही, वाढणार आहे." ते अकरा त्यांच्यासाठी वाजलेच नाहीत. त्या दिवशी मी कुठल्याच चर्चेला बसलो नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची पुस्तकं लावायला कासार आंबोलीला गेलो होतो. वाहिनीचा पुन्हा फोन आला, अकराचीच चर्चा, आखाताचाच विषय. दुसरी सोय नव्हती, म्हणून त्यांच्याच खुर्चीत बसलो. लॅपटॉप चढवताना पाट उचलला तर पायली वरपर्यंत भरत आलेली. हौसाबाई दारातच होत्या. "सकाळच्याला दत्ताचा फोन आला की एक मूठ टाकतीया," त्या म्हणाल्या. "किती दीस ते सायबांनी सांगितलं न्हाई. आता मीच मोजतीया."

"आजची टाकली?"

"न्हाई. आठला येतो त्याचा फोन. आज आजून न्हाई आला." त्या उंबऱ्यावर बसल्या. एका हातात मोबाइल, दुसऱ्या मुठीत तांदूळ.

तेवढ्यात पडद्यावर माझा चेहरा आला. निवेदकानं नेहमीच्या आवाजात विचारलं, "सर, तिथल्या भारतीयांना धोका आहे का? हो की नाही?" सध्या हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला. "हो," म्हणालो. "आहे. मोठा आहे." निवेदक खूश झाला, पट्टी लगेच बदलली. पुढे काय बोललो ते मला आठवत नाही, कारण मी कॅमेऱ्याकडे बघतच नव्हतो... चर्चा संपली, मी लॅपटॉप मिटला, तेव्हा बारा वाजत आले होते आणि हौसाबाईंची मूठ अजून मिटलेलीच होती.