ओल्या गोणपाटातले चिरूट

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, लेकीपुढे नाही, मिशनच्या देवळात गुडघे टेकले तेव्हा प्रभूपुढेही नाही — तिथे नुसते ओठ हलवायचे आणि नेमका हा भाग गिळायचा. तुम्हाला सांगतेय, आणि सांगतानाही दाराकडे बघतेय. कोण येणार आहे आता? तरी बघते.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते, राज्य इंग्रजांचं. नगरच्या छावणीत एका मेजरसाहेबाच्या बंगल्यावर मी आया होते. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत गेलेली, इंग्रजी अडखळत का होईना वाचणारी — त्याचा तोरा केवढा! बंगल्याचा कारभार उस्मानचाचांकडे. राहुरीकडचे, साठी उलटलेले, सारा जन्म साहेबलोकांच्या चाकरीत गेलेला. साहेबाचा जीव होता त्याच्या चिरुटांत. ते ब्रह्मदेशातून यायचे. लढाईने ती वाट बंद झाली आणि शेवटचा एक डबा उरला.

आमच्याकडचा उन्हाळा लाकडी दारांनाही तडे पाडतो, तिथे चिरुटावरच्या पातळ पानाची काय कथा? कोरडं पडलं की बोटांत धरताच उकलायचं. म्हणून चाचा मडक्याच्या खापरीचा तुकडा भिजवून, पुसून, डब्याच्या कोपऱ्यात ठेवत — चिरुटाला शिवणार नाही असा. दोन दिवसांसाठी गावी जाताना त्यांनी ते काम माझ्यावर सोपवलं.

"पानाला पानी दावायचं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "वलीची हवा तेवढी लागू द्यायची. लई सोपं हाय."

मी मान हलवली. मनात मात्र हसले. मला पानाचं शिकवतात? माझी आई बिड्या वळायची. टेंभुर्णीची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली नाहीत तर वळताना फाटतात, हे मला चालता येण्याआधीपासून ठाऊक. एवढ्याशा खापरीने काय होणार? चाचांची पाठ वळताच मी सगळे चिरूट ओल्या गोणपाटात गुंडाळले. संध्याकाळी उघडले तर कसे मऊ, तुकतुकीत! पुसून डब्यात रचले आणि स्वतःवर खूश झाले.

पण बिडीचं पान भिजवतात ते रिकामं असतं — हे कसं सुचलं नाही मला? चिरुटाच्या पोटात तंबाखू भरलेली. ती पाणी पिऊन फुगली. चाचा परतले त्याच दिवशी दुपारी साहेबाकडे पाहुणे आले, डबा व्हरांड्यातल्या झळांत उघडला गेला. वरचं पान सुकून आवळलं, आतली तंबाखू फुगलेलीच. एकेक चिरूट शिरेशिरेला फाटत गेला.

साहेबाने आम्हा दोघांना उभं केलं. त्या दिवसांत त्याला प्रत्येक नोकरात चळवळवाला दिसायचा. हे मुद्दाम कुणी केलं, एवढंच तो विचारत राहिला — हळू आवाजात. ओरडला असता तर बरं झालं असतं. आणि मी बोलले. म्हणाले, गावी जायच्या घाईत चाचांच्या हातून डब्यात पाणी सांडलं, मी पाहिलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. आता हा माणूस मला खोटं पाडणार, असं मी धरूनच चालले. ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "सांडलं आसंल बी, सायेब. हात कापत्यात आताशा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला हो! स्वतःपेक्षा जास्त.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. नाही. इथवर मी भीतीला दोष देऊ शकले असते — देणार नाही, पण शकले असते.

चाचांची नोकरी गेली. जाताना साहेबाने एक इंग्रजी चिठ्ठी दिली. आधीच्या साहेबाच्या चिठ्ठीशिवाय छावणीत कुणी नोकर ठेवत नसे. आठवड्याने ते मागच्या दाराशी आले. धुळीने पांढरे झालेले. सात बंगले झाले, म्हणाले, चिठ्ठी वाचली की हाकलतात. "तू शिकलेली हायेस. वाच बरं, काय लिवलंय?"

मी वाचली. दोनच ओळी होत्या. हा माणूस बेपर्वा आहे, वर खोटं बोलतो. याला कुणी दारात उभं करू नये.

खरं सांगितलं तर? ते तडक साहेबाकडे जाणार, आपण खोटं कधी बोललो ते विचारणार. मग पाणी कधी सांडलं, कुणी पाहिलं, सगळं नव्याने निघणार. ते माझ्या तोंडाकडे बघत होते — केवढ्या आशेने!

"चांगलं लिहिलंय, चाचा," मी म्हणाले. "इमानदार माणूस, असं लिहिलंय. दाखवत राहा."

त्यांचा चेहरा उजळला. चिठ्ठी नीट घडी करून त्यांनी टोपीत ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उन्हात आठव्या बंगल्याकडे चालू लागले. मी दाराआडून बघत होते. ते त्या बंगल्याच्या फाटकातून आत गेले, आणि मला हायसं वाटलं.